यादीत नसलेली मुंगी

रुग्णालयात तिला सगळे फुलफॉर्म म्हणत. तोंडावर फुलफॉर्मताई, पाठीमागे नुसतंच फुलफॉर्म. नोंदी विभागात एकतीस वर्षं टंकलेखन करणाऱ्या या बाईचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथेच ते सुखाने राहत होतं.

नाव पडायला कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिने एका म्हाताऱ्याचा घरी जातानाचा कागद डॉक्टरांच्या अक्षरावरून जसाच्या तसा उतरवून दिला. झोपेच्या गोळीपुढे डॉक्टरांनी ‘एस.ओ.एस.’ लिहिलं होतं, म्हणजे गरज पडली तरच. घरच्यांना वाटलं, हे गोळीच्या कंपनीचं नाव असेल. त्यांनी ती बाकीच्या गोळ्यांबरोबर दिवसातून तीनदा दिली. म्हातारा दोन दिवस झोपला, तिसऱ्या दिवशी उठून “चहा झाला का?” म्हणाला, म्हणून प्रकरण हसण्यावारी गेलं. तिच्या मात्र ते घशात अडकून बसलं. त्यानंतर तिच्या टेबलावरून एकही आखूड शब्द आखूड राहून बाहेर पडला नाही. ‘एन.बी.एम.’ दिसलं की ती ‘तोंडावाटे काहीही द्यायचे नाही’ असं लिही. ‘एस.ओ.बी.’ची ‘धाप लागते’ होई. डॉक्टरांनी अर्ध्या ओळीत उरकलेलं दुखणं तिच्याकडे अर्ध्या पानाचं होई. कागद जास्त लागतो म्हणून तिने बोलणी खाल्ली, पण सवय काही सोडली नाही.

टेबलाच्या उजव्या खणात बुटांच्या खोक्यात तिची कार्डं असत. वर लघुरूप, खाली पूर्ण संज्ञा, आणि तिसऱ्या ओळीत रुग्णाच्या आईला कळेल असा अर्थ. नवे डॉक्टर हळूच दारात येत. “ताई, सरांनी हे काय लिहिलंय हो?” ती खोकं न उघडता सांगे, आणि वर म्हणे, “सरांना विचारायला लाज वाटते, आणि रुग्णाला न कळणारं लिहायला वाटत नाही.” ते हसत आणि परत जाऊन तसंच लिहीत.

शब्दांची अशी राखण करणाऱ्या बाईला एका मुंगीने कसं जेरीस आणलं, त्याची ही हकिकत.

तिला एक धाकटा भाऊ. अठ्ठेचाळीस वर्षांचा, मिशा पांढऱ्या झालेला, तरी सगळे त्याला छोट्याच म्हणत. शहराच्या मोठ्या बागेत तो माळी होता. नऊ वर्षांपूर्वी नळाजवळच्या कुंड्या हलवताना त्याच्या घोट्याला मुंगी चावली. काळी, लांबट, ओलसर जागी राहणारी. तो खाजवत पुढच्या कुंडीपर्यंत गेला, आणि पाच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, डोळ्यांपुढे अंधार आला. सोबतच्या माळ्यांनी उचलून आणलं तेव्हा त्याचा रक्तदाब मोजायला सापडत नव्हता. सात वर्षांनी पुन्हा तेच झालं, आणि या वेळी श्वासही अडला. तेव्हाचे डॉक्टर शहाणे होते. ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, “याचं शरीर त्या विषाला फार घाबरतं. तिसऱ्यांदा झालं तर रुग्णालयापर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही. कुठेही भरती केलंत तर हे आधी सांगायचं.”

ते डॉक्टर पुढे बदली होऊन गेले. मागे राहिला तो केसपेपर. त्यावर कोपऱ्यात शिक्का होता, ‘एन.के.डी.ए.’ म्हणजे, औषधांची ॲलर्जी असल्याचे माहीत नाही. अक्षरशः बघितलं तर खरंच होतं. मुंगी काही औषध नव्हे.

आणि ज्याच्या जिवाचा प्रश्न, तो छोट्याच तोंडाला कुलूप लावून बसलेला. “ताई, कुणाला सांगत सुटू नकोस. माळ्याला मुंगी सोसत नाही म्हणजे नावाड्याला पाणी सोसत नाही म्हटल्यासारखं आहे. आधीच मला तिथे ‘मुंगीराव’ म्हणतात.”

“म्हणू देत. मेल्यावर काय म्हणतील ते ऐकायला तू नसशील.”

“बघा वन्सं, मीही हेच सांगते,” भावजय आतून म्हणे. “पण माझं कोण ऐकतं? मी काय, घरचीच.”

यंदा छोट्याला हर्निया निघाला. वजनं उचलून उचलून निघणारच होता. सहा आठवड्यांनंतरची शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, ताईच्याच रुग्णालयात. भरतीचा अर्ज भरण्यासाठी तिने संगणकावर फाइल उघडली, ॲलर्जीच्या चौकटीपाशी आली, आणि थांबली.

त्या चौकटीत हाताने काही लिहिता येत नसे. बाण दाबला की यादी उलगडे आणि तिच्यातलं एक निवडावं लागे. बेचाळीस नोंदी होत्या. पेनिसिलिन होतं, अंडं होतं, रबरी हातमोजे होते, मांजर, धूळ, पराग, मधमाशी, गांधीलमाशी. निवडलेलं नाव लाल पट्टीवर छापून निघे, ती पट्टी रुग्णाच्या मनगटावर बांधली जाई आणि तिच्यावरून वॉर्डात काळजी घेतली जाई. मुंगी कुठेच नव्हती. यादीच्या तळाशी ‘इतर’ होतं, पण ‘इतर’वर बोट ठेवायला सगळा विभाग घाबरे. ते निवडलं की फाइल संज्ञा समितीकडे जाई, समिती तीन महिन्यांतून एकदा बसे, आणि तोवर भरती खोळंबून राही.

म्हणून विभागाने आपला एक रिवाज पाडला होता. जवळचं टाका. सशाचे केस न सोसणाऱ्या मुलीला मांजर. खेकड्याने सुजणाऱ्या माणसाला मासा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण नव्या माणसाला तो स्वच्छतागृहाच्या वाटेआधी कळे. एकट्या फुलफॉर्मताईने तो कधी पाळला नव्हता. तिच्याकडे सशाची मुलगी आली असती तर तिने समितीकडे ससा मागितला असता.

म्हणून तिने आता मुंगी मागायचं ठरवलं. रीतसर. सहा आठवडे होते, आणि त्यातच समितीची बैठक होती.

अर्जात चुकीचं काही जायला नको, म्हणून तिने छोट्याच्या बागेतल्या नळाजवळून एक मुंगी औषधाच्या रिकाम्या बाटलीत धरली आणि जवळच्या महाविद्यालयातल्या कीटकशास्त्राच्या बाईंकडे गेली. बाईंनी ती भिंगाखाली ठेवली आणि हिला स्टुलावर बसवलं.

“बघा. ही चावते असं आपण म्हणतो, पण खरं तर मागून नांगी मारते. आणि ही कंबर दिसली? मधमाशी, गांधीलमाशी, मुंगी या तिघी एकाच गणातल्या. मुंगी म्हणजे पंख गाळून जमिनीवर संसार थाटलेली गांधीलमाशीची चुलत बहीणच समजा.”

“आणि वाळवी?”

“ती मुंगीची कोणी लागत नाही. लोक उगाच एकत्र करतात. वाळवी झुरळांच्या घराण्यातली.”

ताईने घरी येऊन कार्ड केलं. वर लिहिलं ‘मुंगी’. पूर्ण संज्ञेच्या ओळीवर बाईंनी सांगितलेलं लांबलचक शास्त्रीय नाव. तिसऱ्या ओळीत, ‘नांगीत विष असते. काहींच्या जिवावर बेतू शकते. हसू नये.’ थोडा विचार करून तिने शेवटचे दोन शब्द खोडले. मग पुन्हा लिहिले.

अर्ज गेला. आठ दिवसांनी परत आला. शेरा होता, ‘प्रस्तावित संज्ञेचे लघुरूप जोडलेले नाही.’

पट्टीवर कधी जागा अपुरी पडली तर हाताशी असावं, म्हणून प्रत्येक संज्ञेला चार अक्षरांच्या आत लघुरूप असलंच पाहिजे असा समितीचा दंडक होता. ताईने तो शेरा दोनदा वाचला. अख्खी हयात लघुरूपं सोडवण्यात घालवलेल्या बाईकडे तिच्या आयुष्यातलं पहिलं लघुरूप मागितलं जात होतं, आणि तेही दोन अक्षरांच्या शब्दाचं. तिने त्या रकान्यात लिहिलं, ‘मुंगी’.

दहा दिवसांनी अर्ज पुन्हा परत. ‘संज्ञा व लघुरूप एकच असू नये.’

ती अर्ज घेऊन विभागप्रमुखांकडे गेली. त्यांना सगळे बघूसाहेब म्हणत, कारण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं पहिलं आणि बहुधा शेवटचं उत्तर तेच असे.

“साहेब, मुंगीला आणखी किती लहान करू?”

“बघू,” साहेब म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून त्यांनी चष्मा काढला. “ताई, तुम्ही मनाला फार लावून घेता. ‘मुं.’ लिहून टाका. अनुस्वार आणि टिंब दोन्ही आलं.”

“आणि पट्टीवर ‘मुं.’ वाचून सिस्टरने काय समजायचं?”

“वॉर्डात सगळं समजतं हो.”

“वॉर्डात काय समजतं ते एकतीस वर्षं टंकतेय मी.”

तिने दात-ओठ खात ‘मुं.’ लिहिलं. अर्ज तिसऱ्यांदा गेला. आणि नंतर कुठून काही हाललंच नाही. समितीची बैठक झाली असं कळलं, काय झालं ते कळेना. चौकशीला फोन केला की पलीकडचा आवाज म्हणे, “कळवलं जाईल.” कोणाला, कधी, कसं, यातलं काही तो आवाज सांगत नसे. तिचं घरातलंही चित्त उडालं. दूध दोनदा उतू गेलं. भावजय म्हणाली, “वन्सं, तुम्ही आजारी पडाल, मग हर्निया राहील बाजूला.”

भरतीचा दिवस उजाडला. छोट्या पिशवी घेऊन बाकावर बसलेला, भावजय त्याच्या शेजारी, आणि समोर काचेपलीकडे ताई. अर्ज उघडलेला. चौकट रिकामी. चौकट रिकामी ठेवली तर पट्टी पांढरी निघणार, म्हणजे कसलीच ॲलर्जी नाही. ‘इतर’ टाकलं तर छोट्या पिशवीसकट घरी, आणि हर्निया पुन्हा तीन महिने पोटात.

बघूसाहेब मागे येऊन उभे राहिले. “जवळचं टाका, ताई. गांधीलमाशी आहे की यादीत. पट्टी लाल निघेल, उशाशी इंजेक्शनचा ट्रे राहील. तुम्हाला हवंय काय आणखी?”

खरं म्हणजे तेच हवं होतं. उशाशी तयार असलेलं ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन. आणि बाईंनी सांगितलंच होतं, चुलत बहीण. तिने गांधीलमाशीवर बोट ठेवलं. यंत्राने लाल पट्टी बाहेर टाकली. इतक्या वर्षांत तिच्या हातून कागदावर गेलेला हा पहिला खोटा शब्द होता, आणि त्याला काहीच आवाज झाला नाही.

“ताई, माझ्यावर लक्ष ठेव हां,” पट्टी बांधताना छोट्या म्हणाला. तो भुलीला घाबरला होता, मुंगीला नव्हे.

वॉर्डातल्या सकाळच्या सिस्टरला तिने स्वतः जाऊन सांगितलं. “पट्टीवर गांधीलमाशी आहे, पण खरी मुंगी. लक्षात ठेवाल ना?” सिस्टर म्हणाली, “ठेवते, ताई.” तिने ठेवलंही असणार. पण ती दोन वाजता घरी गेली, आणि दुपारच्या पाळीला जी सिस्टर आली तिला कागद आणि पट्टी एवढंच भेटलं.

ही दुपारची सिस्टर डोळ्यांत तेल घालून काम करणारी म्हणून नावाजलेली होती. शस्त्रक्रिया नीट पार पडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने छोट्याचं मनगट पाहिलं, मग खिडकी पाहिली. खिडकीबाहेर छज्ज्याखाली गांधीलमाश्यांचं मुठीएवढं पोळं होतं. तिने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, कड्या सरकवल्या, मदतनिसांना बोलावलं आणि छोट्याचा पलंग खिडकीपासून लांबात लांब नेऊन ठेवला. पार कोपऱ्यात, हात धुण्याच्या बेसिनला लागून, जिथे बाराही महिने भिंतीला ओल असे आणि फरशीच्या फटीतून काळ्या मुंग्यांची ये-जा चाले.

“आता काळजी नाही, काका,” ती त्याच्या अंगावर पांघरूण सारखं करत म्हणाली. “इथवर काही येणार नाही.”

छोट्याने ओल पाहिली. रांगही पाहिली. आणि तो काही बोलला नाही. इतकी धडपड करून पलंग हलवलेल्या पोरीला ‘मला मुंगीची भीती वाटते’ असं मिशीवाल्या माणसाने कसं सांगायचं? तो नंतर एवढंच म्हणाला, “मला वाटलं, पाय वर घेऊन झोपलो की झालं.”

साडेतीनला नोंदी विभागातला फोन वाजला. ताई जिना चढून वॉर्डात पोचली तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. आतून कोणीतरी आकडे म्हणत होतं, दुसरं कोणी ते लिहून घेत होतं. भावजय पडद्याबाहेर उभी होती, एका हाताने दुसरा हात धरून. ताई पडद्याला हात लावायला गेली आणि तसाच हात मागे घेतला. त्या आकड्यांचा अर्थ तिला कळत होता. ऐंशीवर साठ. मग सत्तर, आणि खालचा सापडत नाही. मग बराच वेळ काहीच नाही. मग नव्वद. मग शंभर.

ट्रे उशाशी होता म्हणून तो वाचला. लाल पट्टी होती म्हणून ट्रे उशाशी होता. आणि लाल पट्टीवर खोटं होतं म्हणून पलंग त्या कोपऱ्यात होता. या तिन्ही गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की कुठली आधी सोडवावी ते तिला त्या संध्याकाळी कळेना. दुपारची सिस्टर जिन्यात बसून रडत होती. “मी तर सगळ्या खिडक्या लावल्या होत्या हो, ताई!” ताई तिच्याजवळ बसली. “तुमचं काही चुकलं नाही,” ती म्हणाली.

भावजयीने मुठीतून एक गोळीचं रिकामं पाकीट काढलं. त्यात कापसावर एक काळी, लांबट, चिरडलेली मुंगी होती. “ह्यांच्या घोट्याजवळ सापडली. तुम्ही लागेल म्हणाला असतात, म्हणून ठेवली.”

घरी सोडायच्या दिवशी तरुण डॉक्टरांचा कागद टंकायला आला. त्यात लिहिलं होतं, ‘गांधीलमाशीच्या दंशाने तीव्र ॲलर्जी. उपचारांस उत्तम प्रतिसाद.’ ताई कागद घेऊन वर गेली.

“डॉक्टर, गांधीलमाशी आली कुठून? खिडक्या बंद होत्या.”

“एखादी फटीतून आली असेल.”

“मुंगी होती. ही बघा.” तिने पाकीट पुढे केलं.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. माणूस वाईट नव्हता, त्याला जांभई आवरत नव्हती. “असेलही, ताई. पण कारणाच्या चौकटीत मुंगी नाहीये हो. मी शोधली. शिवाय पट्टीवर गांधीलमाशी, भरतीच्या अर्जात गांधीलमाशी. तुमच्याच विभागाची नोंद आहे. मी तिच्याविरुद्ध कसं लिहू?”

ती खाली आली आणि तिने तो कागद टंकला. लघुरूपं सगळी सोडवून, शुद्धलेखन तपासून, मुंगीची गांधीलमाशी तशीच ठेवून. त्याच आठवड्यात माणसं लावून छज्ज्याखालचं पोळं काढून टाकण्यात आलं. बेसिनजवळच्या फटीकडे कोणी पाहिलंही नाही.

आणि मग, सगळं होऊन गेल्यावर, समितीचं उत्तर आलं. ‘या रुग्णालयात मुंगीच्या दंशाने गंभीर ॲलर्जी झाल्याची एकही नोंद आढळत नाही. सबब, सदर संज्ञेचा समावेश करण्याची आवश्यकता दिसत नाही.’

ती हसली. विभागातल्या लोकांनी माना वर केल्या, कारण फुलफॉर्म कधी अशी हसत नसे. मग हसणं थांबलं आणि ती टेबलावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. यादीत मुंगी नाही म्हणून नोंद होत नाही. नोंद नाही म्हणून यादीत मुंगी येत नाही. असलेली एकुलती एक नोंद खोटी, आणि ती तिच्याच बोटाने झालेली. ती खोटी आहे हे लेखी द्यायला तयार होईल असं सगळ्या इमारतीत एकच माणूस होतं.

बघूसाहेबांनी तिच्या हातातला कबुलीचा मसुदा वाचला आणि दार लावून घेतलं. “ताई, वेड लागलंय का? ‘मी जाणूनबुजून चुकीची नोंद केली’ असं कोणी लेखी देतं? चौकशी लागेल. तुमच्या सेवापुस्तकात आजवर एक शाईचा डाग नाही.”

“तुम्ही मागे उभे होतात, साहेब. तसं लिहू का?”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. या वेळी ते बघू म्हणाले नाहीत. “जवळचं तर सगळेच टाकतात,” ते हळूच म्हणाले.

“म्हणूनच. त्या सशाच्या मुलीचं काय झालं, कोणाला ठाऊक आहे?”

छोट्याही आडवा आला. बरा होऊन घरी खुर्चीत बसला होता, घोट्यावर काळा डाग होता. “सोड ना ताई. मी वाचलो ना? आता अख्ख्या रुग्णालयाच्या कागदावर माझी मुंगी जाणार.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्यावर ओरडली. “तुझी लाज, त्यांची पट्टी, ह्यांची चौकट! सगळ्यांचं सगळं जागच्या जागी राहायला हवं, फक्त माणूस तेवढा हलवायचा, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात!” भावजयीने पाण्याचा पेला आणून तिच्यापुढे ठेवला आणि नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, “द्या वन्सं. लिहून द्या तुम्ही.”

तिने लिहून दिलं. दीड पान झालं. तारीख, वेळ, कोणती चौकट, काय निवडलं, खरं काय होतं, त्यामुळे पलंग कुठे गेला, पुढे काय झालं. सोबत पाकिटात मुंगी आणि कीटकशास्त्राच्या बाईंचं पत्र जोडलं. एकही लघुरूप नव्हतं. सहीच्या जागी तिने आपलं नाव पूर्ण लिहिलं, आईवडिलांनी ठेवलेलं. ते लिहिताना हात जरा अडखळला, सवय राहिली नव्हती.

चौकशी झाली. तिघांपुढे बसून तिने तेच पुन्हा सांगितलं. एकाने विचारलं, “आपल्याला पश्चात्ताप होतो का?” ती म्हणाली, “होतो. गांधीलमाशी टाकल्याचा.” त्यांना तो उद्धटपणा वाटला. सेवापुस्तकात ताकीद चढली आणि तिची बदली तळघरातल्या जुन्या फायलींच्या कोठारात झाली. टंकायचं काम गेलं. तिच्या जागी आलेली मुलगी हुशार होती, कागद एका पानात बसवे. डॉक्टर खूश होते.

तळघरात उजेड कमी आणि धूळ फार. तिने बुटांचं खोकं बरोबर नेलं होतं, पण विचारायला तिथवर कोण उतरणार? सकाळी दिवा लावायचा, मागितलेली फाइल काढायची, ठेवायची. रिकाम्या वेळात ती जुने केसपेपर चाळी. कुठे मांजर दिसलं की तिला वाटे, हे खरंच मांजर असेल ना?

चार महिन्यांनी छोट्याची तपासणी होती. तो आणि भावजय तळघरात तिला शोधत आले. त्याच्या मनगटावर नवी लाल पट्टी होती. तो ती लपवत नव्हता, उलट हात पुढे करून उभा होता.

“बघ ताई. आली तुझी मुंगी यादीत. वरच्या बाईने विचारलं, कसली ॲलर्जी, मी म्हटलं, मुंगी. मोठ्याने म्हटलं. मागच्या रांगेतला एक जण हसला, मी हसू दिलं त्याला.”

“वन्सं, मी साक्षीला होते,” भावजय म्हणाली.

ताईने चष्मा लावला, त्याचं मनगट दिव्याखाली ओढून घेतलं आणि वाचलं. पट्टीवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, ‘मुंगी, वाळवी इ.’

तिने ते पुन्हा एकदा वाचलं. छोट्याचा चेहरा उतरत गेला. “काय झालं? चुकलं का काही?”

“वाळवी,” ती म्हणाली. “वाळवी कुठून आली यात? वाळवी मुंगीची कोण लागते? उद्या एखादी सिस्टर वाळवी शोधत लाकडी कपाट तेवढं हलवेल तुझ्यापासून. आणि हे ‘इ.’ कोण? इत्यादी म्हणजे आणखी कोण कोण?”

“अगं, पण मुंगी आहे ना त्यात!”

“आहे.” तिने त्याचा हात सोडला, पण सोडण्याआधी अंगठा पट्टीवरून एकदा फिरवला, मुंगी या दोन अक्षरांवरून, टोकापर्यंत. “बसा दोघं. त्या स्टुलावर धूळ आहे, पुसून घ्या.”

मग तिने खण उघडला, कोरा कागद काढला, वर तारीख घातली आणि विषयाच्या ओळीत लिहिलं, ‘वाळवी वगळण्याबाबत.’